मार्चअखेरपर्यंत एक तरी बंदूक

किस्से गोळा करायचे म्हणून कुणी नोकरी धरत नाही. पण काही कचेऱ्याच अशा असतात, की तिथे फायली साचत नाहीत, किस्से साचतात. आमची त्यातली. चार माणसं, दोन खोल्या, एक किटली आणि दारावर पाटी: 'हिंसा प्रतिबंध विभाग'. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचं एक छोटं कौन्सिल, म्हणजे आपल्याकडची नगरपालिका, ब्रिस्टलहून गाडीने तासभर. खिडकीतून मेंढ्या दिसतात. पाहुणे मेंढ्यांकडे बघतात, मग पाटीकडे बघतात, आणि मग काळजीने आमच्याकडे बघतात.

त्याआधी मी सात वर्षं लोकांच्या सिगारेटी सोडवत होते. एक दिवस आमच्या साहेबबाई हेलन यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "मृणाल, लोकांच्या हातातली सिगारेट तू काढून घेतेसच. आता बंदूक घे."

आमच्या भागात बंदूक म्हणजे शेतकऱ्याची शॉटगन. लायसन्सवाली, कावळे-कबुतरं उडवायची. टोळ्याबिळ्या काही नाहीत. भीती वेगळी असते. माणूस आतून खचलेला असतो आणि बंदूक घरातच असते. डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर पोलिसांना कळवणार, पोलीस बंदूक नेणार, आणि ती परत मिळेल की नाही देव जाणे. म्हणून तो डॉक्टरकडे जातच नाही. आमचं आरोग्यखात्याचं गणित साधं आहे. वाईट दिवस बहुतेक वेळा निघून जातात, तेवढे दिवस ती वस्तू लांब असली म्हणजे झालं.

म्हणून आम्ही योजना काढली. काही आठवडे बंदूक आमच्यामार्फत गावातल्या परवानाधारक बंदूकवाल्याकडे ठेवा. कारण विचारणार नाही, लायसन्सला धक्का लागणार नाही, मागाल तेव्हा परत. सप्टेंबर ते मार्च प्रयोग करायचा. तोवर एकही बंदूक आली नाही, तर अहवालात दोन शब्द जाणार होते: 'गरज नाही'. सरकारी कागदावर एकदा 'गरज नाही' उमटलं, की पुढची दहा वर्षं कुणी तो विषय काढत नाही. मला त्या दोन शब्दांची खरोखर भीती वाटत होती. आदल्या हिवाळ्यात एका घरी आम्ही उशिरा पोचलो होतो. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते एक सोडलं, तर बाकी सगळं हसण्यासारखंच आहे.

*

नव्या नोकरीची बातमी मी कऱ्हाडला आईला फोनवर सांगितली. आईने ती संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगितली: "मृणाल बंदुकीच्या खात्यात लागली."

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या निकमकाकांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल. त्यांच्या पुतण्याला शेतावर डुकरांचा त्रास होता, लायसन्सचं काही जमेल का, असं ते विचारत होते. मी समजावलं, "काका, मी बंदुका देत नाही, लोकांकडून घेते."

काका आवाज खाली आणून म्हणाले, "मग त्यातली एखादी जास्तीची असेल तर बघ."

*

आमच्या कामाची खरी पंचाईत अशी, की ते चांगलं झालं तर काहीच घडत नाही. सिगारेटीचं बरं होतं. इतक्या लोकांनी सोडल्या, इतक्यांनी परत धरल्या, असं मोजता यायचं. इथे वर्षाच्या शेवटी कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला, तर पहिलाच प्रश्न: 'वर्षभरात काय साध्य केलं?' मी लिहिलं, 'काही घडलं नाही.' कॉम्प्युटर म्हणाला, फक्त आकडा चालेल. मी शून्य टाकलं. माझं नाव लाल झालं आणि मला 'कामगिरी सुधारणा बैठकी'चं बोलावणं आलं.

रिया धावून आली. रिया आमच्याकडची आकडेवाली. वय तिशीचं, आईवडील ठाण्याचे, जन्म लेस्टरचा. माझ्याशी हट्टाने मराठीच बोलते, आणि तिच्या मराठीत टेबल, खुर्ची, साहेब सगळे आपापलं लिंग बदलून वावरतात. ती म्हणाली, "ताई, तू झिरो का टाकली? ज्या दिवशी काही नाही झाला, ते दिवस काउंट कर ना."

मी तीनशे पासष्ट टाकले. लक्ष्य कामाच्या दिवसांएवढंच होतं. शनिवारी-रविवारीही काही न घडवल्याबद्दल मला अभिनंदनाचं पत्र आलं. ते आईने कऱ्हाडला फ्रेम करून लावलंय.

*

योजना सुरू झाली तेव्हा आम्ही भागातल्या प्रत्येक डॉक्टरला, चर्चला, शेतकरी क्लबला ईमेल पाठवल्या. एकाचंही उत्तर नाही. वाटलं, लोक विचार करत असतील. आठवण पाठवली. मग आठवणीची आठवण पाठवली. दोन आठवड्यांनी आयटीतून एका गृहस्थाचा फोन आला. कौन्सिलच्या ईमेलला चाळणी असते आणि 'बंदूक' शब्द दिसला की ती मेल अडवून ठेवते. आमच्या सगळ्या मेल तिथे बंदिवासात पडल्या होत्या. तो फार जपून बोलत होता. म्हणाला, "तुम्हाला घाबरवायचं नाहीये, पण तुमच्या ऑफिसमधून कुणीतरी सारखं शस्त्रांबद्दल लिहितंय."

मग हेलनने समिती नेमली. समितीने ठरवलं की शब्दही नको आणि चित्रही नको, लोक दचकतात. तीन बैठकांनंतर पोस्टर तयार झालं. त्यावर एका हसऱ्या दरवाजाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'एखादी वस्तू काही दिवस घरापासून लांब ठेवायची आहे? आम्ही सांभाळू. कारण विचारणार नाही.' लायब्ररीत, दवाखान्यात, पशुखाद्याच्या दुकानात, सगळीकडे लावलं.

सोमवारी सकाळी दाराशी रांग! माझा आनंद गगनात मावेना. पहिल्या माणसाने व्यायामाची सायकल आणली होती. मागच्या बाईंनी नवऱ्याचा वाजवायचा ट्रॉम्बोन. तिसऱ्या जोडप्याने प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री. एका गंभीर गृहस्थांनी लग्नाचा अल्बम आणला, आणि आम्ही खरंच कारण विचारलं नाही. शेवटी एक आजोबा पोपट घेऊन आले. त्यांनी कारण आपणहून सांगितलं. पोपट शिव्या देत होता आणि शनिवारी पाद्री चहाला येणार होते.

महिन्याच्या तक्त्यात रियाने नोंद केली: वस्तू अकरा, बंदुका शून्य. आणि मला म्हणाली, "ताई, आपला योजना हिट झाला, फक्त चुकीच्या लोकांमध्ये." पोस्टर बदललं. शब्द एकदाचा आला. रांग गेली.

*

'कारण विचारणार नाही' हे म्हणायला सोपं. पण बंदुका स्वीकारायला आमच्याकडे होता कॉलिन. कॉलिन तीस वर्षं पोलिसात सार्जंट होता आणि तीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं, कारणंच विचारली होती. म्हणून हेलनने त्याचं ट्रेनिंग ठेवलं. मी शेतकरी झाले, तो काउंटरला बसला. मी आत येऊन म्हणायचं की मला माझी बंदूक ठेवायची आहे, आणि त्याने फॉर्म पुढे करायचा. बस, एवढंच.

मी म्हटलं. कॉलिनने फॉर्म पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. दहा सेकंद. वीस सेकंद. मग माझ्याच तोंडून निघालं, की सकाळी मी गाडी अपंगांच्या जागेत लावली होती. त्याने पापणी हलवली नाही. मी पुढे सांगितलं, की फ्रिजमधलं हेलनचं ओटचं दूध गेले दोन महिने मीच संपवतेय. आणि अग्निसुरक्षेची ऑनलाइन परीक्षा मी दिलीच नव्हती, ती रियाने माझ्या नावाने दिली.

हेलन शेजारीच बसून लिहून घेत होती. ती कॉलिनला एवढंच म्हणाली, "विचारू नकोस. आणि असं न विचारूही नकोस."

*

ऑक्टोबर आला, तरी बंदुकीचा पत्ता नव्हता. आईने फोनवर चौकशी केली आणि निदान सांगितलं, "अगं, तुमच्या कपाटात शस्त्र आहे ना? गेल्या खंडेनवमीला त्याची पूजा केलीस का? मग यश कुठून येणार?"

आमच्या कपाटात एक शॉटगन होती खरी. निकामी केलेली, डॉक्टरांना ट्रेनिंगमध्ये दाखवायला ठेवलेली. मी काही देवभोळी नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. रियाला सांगितलं तर ती उड्याच मारायला लागली. खंडेनवमीला हेलन आणि कॉलिन दुपारी मीटिंगला गेले, तेव्हा आम्ही बंदूक टेबलावर मांडली. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती आणली. रियाने जन्मात पहिल्यांदाच कुंकू हातात घेतलं होतं, त्यामुळे तिने दस्त्यापासून नळीपर्यंत मळवट भरावा तसं लावलं. पेढ्याचा नैवेद्य दाखवला. मग आम्ही दोघींनी हात जोडून मागणं मागितलं, की देवी, आमच्याकडे एक तरी बंदूक येऊ दे. हिंसा प्रतिबंध विभागात असं मागणं याआधी कुणी मागितलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दसरा, मी रजेवर. रिया मँचेस्टरला कॉन्फरन्सला. आणि कॉलिन बंदूक घेऊन एका खेड्यातल्या दवाखान्यात ट्रेनिंगला गेला. आठ डॉक्टरांसमोर त्याने पेटी उघडली. दस्त्यावर आणि नळीवर सुकलेले लाल डाग.

कॉलिनने खोली रिकामी केली. हातमोजे घातले, बंदूक पिशवीत घालून सील केली, डागांचा नमुना लॅबला पाठवला आणि आमच्या ऑफिसच्या कपाटाला पोलिसांची निळी-पांढरी टेप लावली. सोमवारी येऊन बघते तर ही टेप. मी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं, आणि या वेळी त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. पण नमुना गेला होता आणि गेलेला नमुना परत मागवायचा फॉर्म अस्तित्वात नव्हता.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. मानवी रक्त नाही, हळद आणि चुना. सोबत दुग्धजन्य गोड पदार्थाचे अंश. कॉलिनने चष्मा काढला आणि मला शांतपणे विचारलं की दुग्धजन्य पदार्थ कशासाठी. मी म्हटलं, तो तिच्यासाठी होता. "कुणासाठी?" "बंदुकीसाठी."

तेव्हापासून आमच्या सुरक्षा नियमावलीत शेवटचं कलम आहे: 'शस्त्रांना कोणताही खाद्यपदार्थ देऊ नये.'

*

आता नवगावकर डॉक्टरांचं सांगते. हे मुंबईचे मराठी बोलणारे ज्यू. इथे येऊन चाळीस वर्षं झाली, आता अर्धवट निवृत्त आहेत. लंडनला नातेवाईक पुष्कळ, पण त्यांच्याशी मराठीत बोलायला आता कुणी उरलं नाही, म्हणून मला फोन करतात आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या छान, स्वच्छ मराठीत इंग्लंडच्या हवेला नावं ठेवतात. आमच्या योजनेचा प्रचार करायला ते एकटे डॉक्टर आपणहून तयार झाले. जानेवारीत दर बुधवारी गुरांच्या बाजारात टेबल टाकून बसायला लागले. रक्तदाब फुकट.

त्यांच्या टेबलाशी कुणी फिरकेना. शेजारच्या टेबलावर गुरांचा डॉक्टर होता, तिथे ही रांग. इथला शेतकरी गाय शिंकली तर डॉक्टर बोलावतो आणि स्वतःचा पाय मोडला तर काठी घेतो. एका बुधवारी तो गुरांचा डॉक्टर कुणाची तरी गाय बघायला गेला आणि आमचे डॉक्टर जरा ऊब म्हणून त्याच्या हीटरजवळच्या खुर्चीत बसले. तेवढ्यात एक साठीचा माणूस कुत्रा घेऊन समोर आला. कुत्र्याला बरं नाही म्हणाला.

काय होतंय, विचारलं तर म्हणाला झोपत नाही. कधीपासून? सुगी संपल्यापासून. खातो का? ताटात तसंच टाकून उठतो. कुणाशी बोलतो का, असं डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. माणसाने जरा विचार केला आणि म्हणाला, "आधी बोलायचा."

डॉक्टरांनी टेबलाखाली वाकून बघितलं. कुत्रा त्यांच्या पिशवीतलं सँडविच मजेत खात होता. "मी काय करणार गं," ते मला फोनवर सांगत होते, "मी कुत्र्याच्याच नावाने सगळं सांगितलं. सकाळी त्याला फिरायला ने, एकटा ठेवू नकोस, पुढच्या बुधवारी परत आण. आणि घरात बंदूक असेल तर काही दिवस लांब ठेव म्हटलं, कुत्र्याला बरं वाटेल."

तो माणूस पुढे दर बुधवारी येऊ लागला. कुत्र्याला थोडं बरं आहे, म्हणायचा. बंदुकीचा विषय मात्र काढायचा नाही. शेवटी डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात बोलावलं आणि हातात नोंदणीचा फॉर्म दिला. त्याने पेशंटच्या नावापुढे कुत्र्याचं नाव लिहिलं आणि जन्मतारीख स्वतःची टाकली.

*

फेब्रुवारीत मंगळवारचा फोन सुरू झाला. एक वयस्क बाई बोलायच्या. नाव सांगायच्या नाहीत. दर मंगळवारी सकाळी दहाला एकच प्रश्न विचारून फोन ठेवायच्या. पहिल्या मंगळवारी विचारलं, ठेवलेली बंदूक गंजत तर नाही ना? दुसऱ्या मंगळवारी, तुमच्या गाडीवर कौन्सिलचं नाव असतं का, शेजारी बघतात. तिसऱ्या मंगळवारी, खरंच परत मिळते का?

कॉलिनने लगेच छडा लावला. म्हणाला, हे ऑडिटवाले आहेत, आपली परीक्षा घेतायत. खऱ्या माणसाला इतके मुद्देसूद प्रश्न पडत नाहीत. झालं! हेलनने उत्तरांचा कागद लॅमिनेट करून फोनजवळ चिकटवला. चौथ्या मंगळवारी बाईंनी विचारलं, की नवऱ्याला न सांगता बायकोला फॉर्म भरता येतो का. मी कागदावरचं वाचून दाखवलं, "आपल्या प्रश्नाबद्दल आभारी आहोत. लायसन्स ज्याच्या नावावर आहे त्यानेच अर्ज करावा. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?" बाई म्हणाल्या, "चार." आम्ही टाळ्या वाजवल्या. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पाचव्या मंगळवारी फोन रियाने घेतला. कागद तिने पालथा करून ठेवला आणि विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

बाई म्हणाल्या, "मी ठीक आहे. मी माझ्याबद्दल विचारत नाहीये."

स्पीकर चालू होता. ऑडिटचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. रियाने त्यांना खूप सांगितलं. रात्री-अपरात्री कुठे फोन करायचा ते सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, आम्ही घरी येऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, कुणी घरी आलं तर तो परत बोलायचाच नाही. शेवटी रिया म्हणाली, की योजना मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी बंद होते, त्याच्या आत कधीही या. बाईंनी बरं म्हटलं.

सहाव्या मंगळवारी फोन आला नाही. कॉलिन सकाळी नऊपासून फोनसमोर बसला होता, दुपारी जेवायलाही उठला नाही. सातव्या मंगळवारीही आला नाही. पोलिसातल्या जुन्या ओळखीने त्याने नंबरचा शोध लावायचा प्रयत्न केला, तर तो बाजारातल्या कॅफेचा निघाला. त्या दोन आठवड्यांत मी सकाळी पेपर आधी मागून उघडायचे, निधनवार्तांच्या पानावरून.

*

मार्चचा शेवटचा शुक्रवार. अकराचा सुमार. हेलन अहवाल घेऊन बसली होती. तिने 'गरज' एवढा शब्द टाइप केला होता आणि पुढे बोट उचलत नव्हतं. बाहेर एकदम हॉर्न वाजायला लागले. एक नाही, पंधरा-वीस.

आम्ही चौघं खिडकीशी गेलो. रस्त्याने एक ट्रॅक्टर येत होता, चालत्या माणसाच्या वेगाने, आणि त्याच्यामागे नजर जाईल तिथपर्यंत गाड्या तुंबल्या होत्या. ट्रॅक्टरला ट्रेलर होता. ट्रेलरवर गवताचे भारे बांधायच्या निळ्या सुतळीने करकचून बांधलेलं एक लोखंडी कपाट उभं होतं. कपाटाच्या पाठीला प्लास्टर चिकटलेलं होतं, आणि प्लास्टरला फुलाफुलांचा वॉलपेपर. कपाटाशेजारी स्वयंपाकघरातली खुर्ची, आणि खुर्चीत चर्चला जायचा कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन एक बाई बसल्या होत्या.

ट्रॅक्टर आमच्या दारात थांबला. बाई तिथूनच म्हणाल्या, "रिया कोण आहे?"

आवाज ऐकून रिया पळतच सुटली. तिने त्यांना हात धरून खाली उतरवलं आणि सोडलाच नाही.

आता इथे एक नियम सांगायला हवा. या देशात बंदुकीचं कपाट भिंतीला बोल्टने पक्कं करावं लागतं, आणि त्याची किल्ली कुठे आहे हे फक्त लायसन्सवाल्यालाच ठाऊक असायला हवं. बायकोलाही कळता कामा नये. कॉलिन बाहेर आला तो नियमाचं पुस्तक घेऊनच. किल्ली कुठे आहे, म्हणून त्याने बाईंना विचारलं.

"मला माहीत नाही," त्या ताठ होऊन म्हणाल्या. "चव्वेचाळीस वर्षं झाली. मी कधी शोधलीसुद्धा नाही."

कॉलिन पानं चाळत राहिला. बंदूक कशी न्यावी याबद्दल त्यात पुष्कळ काही होतं. पण कुलूप लावलेलं अख्खं कपाट भिंतीसकट ट्रेलरवरून नेण्याबद्दल कुणाला कधी काही सुचलं नव्हतं. हेलन म्हणाली, लायसन्स ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ हजर असले तर आपल्याला घेता येईल. कुठे आहेत ते?

बाईंनी ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. "मला कुठे चालवता येतो तो?"

केबिनमधून एक उंच, वाळका माणूस उतरला. टोपी काढली. हातावर प्लास्टरची पांढरी धूळ होती. मागे हॉर्न वाजतच होते, त्याला ते ऐकू येत नसावेत. कॉलिनने फॉर्म पुढे केला, पेन दिलं, आणि त्याच्याकडे न बघता स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला. सही व्हायला बराच वेळ लागला. कॉलिनने एक शब्द विचारला नाही. त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला.

घोळ मी घातला. सात वर्षं सिगारेटी आणि दोन वर्षं बंदुका, एवढं ट्रेनिंग देऊन-घेऊन शेवटी मीच तोंड उघडलं. मी विचारलं, "किल्ली हरवली का?"

"नाही," ते म्हणाले. "खिशात आहे."

"मग नुसती बंदूकच आणायची. एवढं कपाट भिंतीतून उपटून कशाला आणलंत?"

कॉलिनने माझ्याकडे असं बघितलं, की मी आणखी काहीतरी कबूल केलं असतं. पण त्या माणसाला माझा राग आला नाही. त्याने कपाटाकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि म्हणाला, "मग ते उघडावं लागलं असतं."